इंदूरहून स्वीडनला: पहिल्या भेटीला जाताना

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, खाणं झालं की 'पैसे मीच देणार' म्हणून जी ओढाताण चालते, ती स्टॉकहोममध्ये करू नका. मुलीशी पहिली भेट, म्हणजे डेट, बहुधा 'फिका'ची: कॉफी, दालचिनीचा बन, तासभर गप्पा. काउंटरवर ज्याने त्याने आपले द्यायचे. एकाने भरलेच, तर दुसरा तिथल्या तिथे 'स्विश' या मोबाईल पेमेंट अ‍ॅपवर अर्धे पाठवतो. स्विशला स्वीडिश बँक खातं आणि बँकआयडी (तिथली डिजिटल ओळख) लागतो. नवख्यांनी कार्ड ठेवावं, नोटा अनेक ठिकाणी चालत नाहीत. हट्टाने सगळं बिल भरलंत, तर समोरच्या मुलीला ओझंच वाटायची शक्यता जास्त.

वेळ पाळा. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी मेसेज टाका.

मुलीने आधी भेटायला विचारलं म्हणून भलते अर्थ काढू नका. तिथे ते रोजचंच आहे. आणि कायदा पक्का समजून घ्या: 1 जुलै 2018 पासून स्वेच्छेने सहभाग नसलेला लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, जबरदस्ती किंवा धमकी सिद्ध व्हावी लागत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. स्पष्ट विचारा, मधेच 'नको' आलं, तर तिथेच थांबा.

घरी बोलावलं तर चपला-बूट दाराशी. हे आपल्याला शिकवायला नको! जेवण झाल्यावर ताटं उचलायला मात्र मुलांनीही उठायचं.