"एवढ्याशा शेडमध्ये झेपणार काय?" या शेऱ्याला उत्तर कसं द्यावं

कोल्हापूरच्या शिरोली, उद्यमनगर किंवा गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांत उद्योजकांची बैठक कुठंही असो, चहाच्या वेळी लहान फौंड्रीवाल्याला, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्याला, हा शेरा ऐकावा लागतोच.

आधी चेष्टा आहे की हिणवणं, हे ओळखा. कोल्हापुरात रांगडं बोलणं आपुलकीचंही असतं. जुना ओळखीचा 'भावा' म्हणत खेचत असेल, तर हसून घ्या. पहिल्याच भेटीत, चारचौघांत, तुमच्याकडं न बघता बोललेलं मात्र तसंच सोडू नका. शेजारी उभे असलेलेही उद्याचे ग्राहक असतात.

कप खाली ठेवा. तेवढ्या दोन सेकंदांत शेऱ्यातली शंका शोधा. 'शेड लहान' म्हणजे क्षमतेची शंका, 'नवीनच दिसताय' म्हणजे दर्जाची. मग खरं आहे तेवढं मान्य करा, एक आकडा द्या आणि प्रश्न विचारा :

"जागा लहान आहे, साहेब. ५ ते २५ किलोची ग्रे आयर्न कास्टिंग करतो, महिन्याला १२ टन. तुमचा पार्ट किती किलोचा?"

(ग्रे आयर्न कास्टिंग म्हणजे बिडाचे ओतीव भाग.) यात प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बोलणं तुमच्या शेडवरून त्यांच्या पार्टवर जातं. आकडा खराच हवा. ८ टनांची क्षमता असताना १२ सांगितलं, तर ग्राहकाच्या पहिल्याच शेड्यूलला (ठरलेल्या पुरवठ्याला) माल कमी पडेल आणि शेरा खरा ठरेल.

"वडिलांचं आयतं मिळालंय" यात शंका कसली नसते. "पाया त्यांचाच. आता मशिनिंग (कास्टिंगवरचं यंत्रकाम) मी बघतो," एवढं बास. बाईमाणसाला "साहेब आले नाहीत?" विचारलं, तर "निर्णय मीच घेते, बोला."

इथं दोन चुका हटकून होतात. एक म्हणजे लांबण : तिसऱ्या वाक्यापासून ती सफाई वाटायला लागते. दुसरी, बड्या ग्राहकांची नावं फेकणं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा उद्या आमच्या ड्रॉइंगबद्दलही असाच बोलेल.

पुन्हा तसंच बोलले, तर बाजूला घेऊन हळू आवाजात सांगा, "हे बोलणं मला पटलं नाही. कामाचं असेल तर बसू."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नको, त्यांना एकट्यालाच मेसेज करा : कुठं भेटलो, कुठल्या पार्टबद्दल बोललो, आणि सोबत एफजी २६० या ग्रे आयर्नच्या ग्रेडचा टेस्ट बार रिपोर्ट (नमुना दांड्याच्या चाचणीचा अहवाल), टेन्साइल म्हणजे ताण सोसायची ताकद २६० मेगापास्कलच्या वर असलेला. शेऱ्याचा उल्लेख नको. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर एक फोन करा आणि पुढच्या चौकशीला लागा.