नेटवर्क मेटा-ॲनालिसिस: रँकिंगमधला पहिला नंबर बघून उडी मारू नका, या चुका टाळा

दोन औषधांची समोरासमोर ट्रायल कधी झालीच नाही, पण दोघांचीही स्टँडर्ड केअरशी (म्हणजे नेहमीच्या उपचारांशी) वेगवेगळी तुलना झालीये, तर त्या मार्गाने त्या दोघांतला फरक काढायचा, एवढंच हे नेटवर्क मेटा-ॲनालिसिसचं प्रकरण. आयडिया भारी आहे. गडबड होते ती दोन्हीकडची स्टँडर्ड केअर सारखीच असणार असं धरून चालण्यात.

कोविडचंच घ्या. 16 जून 2020 ला ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल जाहीर केला आणि मग ऑक्सिजनवरच्या पेशंटला स्टेरॉइड देणं नेहमीचंच झालं. म्हणजे एप्रिल 2020 मधला कंट्रोल ग्रुप (फक्त स्टँडर्ड केअर मिळालेले पेशंट) बहुतेक बिनस्टेरॉइडचा, 2021 मधला स्टेरॉइडवाला, नाव मात्र एकच आणि आपण दोघांना एकाच नोडमध्ये (नेटवर्कच्या चित्रातल्या एकाच ठिपक्यात) कोंबतो! पेशंट कोण होते तेही बघा, कारण त्याच ट्रायलमध्ये डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्यांचे 28 दिवसांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 वर आले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे 26.2 वरून 23.3 वर, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसलाच नाही. आता एका औषधाच्या ट्रायल्स आयसीयूतल्या आणि दुसऱ्याच्या घरी बसून बऱ्या होणाऱ्यांवरच्या असतील तर तुलना कसली डोंबलाची. दोन्हीकडच्या ट्रायल्स अशी तुलना करण्याइतक्या सारख्या असणं, याला ट्रान्झिटिव्हिटी म्हणतात, आणि ती तपासायला कुठलीही पी व्हॅल्यू (स्टॅटिस्टिकल टेस्टचा आकडा) पुरत नाही, प्रत्येक ट्रायलचा काळ, आजार किती गंभीर, सोबत काय काय चालू होतं याचा तक्ता मांडून बसावंच लागतं.

सुक्रा (रँकिंगसाठी काढलेला 0 ते 100 मधला स्कोअर) 90 आला म्हणजे औषध 90 टक्के गुणकारी असं नव्हे. तो फक्त क्रमाबद्दल बोलतो, पहिल्या-दुसऱ्यातला फरक नखाएवढा असला तरी क्रम लागतोच. दोनच छोट्या ट्रायल्सवालं औषध कधीकधी थेट वर जाऊन बसतं आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठवर असू शकतो तो पट्टा) बघावा तर हा एवढा रुंद. आधी लीग टेबल (प्रत्येक जोडीतला फरक मांडलेला तक्ता) आणि ग्रेडची खात्री (पुराव्यावर किती भरवसा ठेवायचा याची प्रतवारी) बघा, मग रँकिंग.

"इनकन्सिस्टन्सी आढळली नाही", म्हणजे थेट तुलना आणि आडमार्गाने काढलेली इनडायरेक्ट तुलना यांच्यात विसंगती नाही, हे वाक्य दिसलं की नेटवर्कचं चित्र उघडा. सगळ्या रेषा मधल्या एकाच नोडला जात असतील तर क्लोज्ड लूपच (रेषांनी बंद झालेला त्रिकोण वगैरे) नाही, म्हणजे ताडून बघायला थेट तुलनाच नाही, मग तपासलं काय?

स्वतः आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये नेटमेटा पॅकेज चालवताय आणि नेटवर्क तुटलंय असा एरर आला, तर आधी स्पेलिंग बघा. एकीकडे "स्टँडर्ड केअर", दुसरीकडे त्याचंच लघुरूप "एसओसी" असं टाइप केलं की पॅकेजला ती दोन वेगळी औषधं वाटतात. तीन आर्मच्या (गटांच्या) ट्रायलच्या तिन्ही जोड्या द्याव्या लागतात, ते पेअरवाइज फंक्शन करून देतं, हाताने करत बसू नका.

आणि डेटा कुठून आला ते तपासा. कोविडसाठी आयव्हरमेक्टिन या औषधावरचा इजिप्तचा एक प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) जुलै 2021 मध्ये डेटावर शंका आल्याने काढला गेला, तोवर तो मेटा-ॲनालिसिसमध्ये जाऊन बसलेला. नेटवर्कमध्ये असा एक अभ्यास नुसती स्वतःची तुलना बिघडवत नाही, त्याच्या आधाराने काढलेल्या बाकीच्या इनडायरेक्ट तुलनाही नासवतो, म्हणून शंका असलेली ट्रायल वगळून सगळं परत रन करा आणि दोन्ही रिझल्ट शेजारी-शेजारी ठेवा.