परदेशातून वस्तू मागवताय? कुरिअरचा जादा भुर्दंड पडू नये म्हणून या चुका टाळा

वस्तू स्वस्त मिळते म्हणून मागवावी आणि पार्सल दाराशी आल्यावर हातात भलतंच बिल पडावं, असं पुष्कळांचं होतं. मग शिव्या खातं कस्टम्स. पण ते बिल नीट वाचलं, तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी सापडतात: सरकारी ड्युटी-कर आणि कुरिअर कंपनीने स्वतःच्या कामाची लावलेली फी. पहिली गोष्ट कायद्याने ठरलेली. तिच्यातून पळवाट शोधू नये. दुसरी मात्र बहुतेक वेळा ऑर्डर देतानाच ठरून जाते, आणि ती कमी करायची तर तेव्हाच.

ड्युटी कोण भरणार, हे न विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘इन्कोटर्म्स २०२०’ या आंतरराष्ट्रीय व्यापारी अटींमधल्या तीन अटी ओळखता आल्या तरी पुरे. डीडीपी म्हणजे ड्युटी आणि करासकट सगळं विक्रेत्याच्या माथी. डीएपी म्हणजे तुमच्या पत्त्यापर्यंतचं भाडं त्याचं, ड्युटी तुमची. ईएक्सडब्ल्यू म्हणजे माल त्याच्या गोदामातून उचलल्यापासूनचा सगळा खर्च तुमचा.

डीएपीमध्ये खरी मेख आहे. माल अडकू नये म्हणून कुरिअर कंपनी तुमची ड्युटी आधी स्वतः भरते आणि नंतर तुमच्याकडून वसूल करताना ‘पैसे आगाऊ भरले’ म्हणून वर फी लावते. डिस्बर्समेंट फी, अ‍ॅडव्हान्स पेमेंट फी, प्रोसेसिंग फी, नाव काहीही असो. ही फी बऱ्याचदा ड्युटीच्या काही टक्के किंवा एक ठरावीक किमान रक्कम, यांतली जी जास्त असेल ती असते. त्यामुळे लहान पार्सलवर किमान रक्कमच बसते आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होतो. अनेक कंपन्या डिलिव्हरीआधी ऑनलाइन ड्युटी भरू देतात. तसं भरल्यावर फी कमी होते का, हे त्यांच्या दरपत्रकात आधी पाहा.

विक्रेत्याने नुसतं ‘ड्युटी आमच्याकडे’ म्हटलं म्हणून निर्धास्त राहू नका. एअर वेबिलवर, म्हणजे पार्सलच्या वाहतुकीच्या कागदावर, ड्युटी पाठवणाऱ्याच्या खात्यावर टाकली आहे ना, हे त्याच्याकडून लेखी घ्या. ती तुमच्या नावावर टाकलेली असेल, तर बिल तुमच्याकडेच येणार.

फक्त वजन पाहणं

विमानात जागेचे पैसे पडतात. म्हणून कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात, आणि हे आकारमानी वजन व खरं वजन यांतलं जे जास्त त्यावर भाडं घेतात. ५० × ४० × ३० सेंमीच्या खोक्यात ३ किलोची वस्तू असली, तरी भाडं १२ किलोचं. उशीसारख्या हलक्या पण फुगीर वस्तूंना हे फार लागतं. खोकं लहान करता येईल का, हा एक प्रश्न विक्रेत्याला विचारायला काहीच लागत नाही. बऱ्याच देशांत ड्युटी मोजताना मालाच्या किमतीत भाडं आणि विमाही धरतात, म्हणजे फुगलेलं भाडं दोनदा चटका देतं.

मोघम इनव्हॉइस

‘पार्ट्स’, ‘सॅम्पल’, ‘गिफ्ट’ एवढंच लिहिलेलं इनव्हॉइस कस्टम्सपुढे टिकत नाही. पार्सल थांबतं, खुलासे मागवले जातात आणि मोफत मुदत संपली की साठवणुकीचे पैसे सुरू होतात. वस्तू काय, कशाची बनलेली, कशासाठी, किती नग, प्रत्येकाची खरी किंमत, बनली कुठे आणि एचएस कोड (वस्तूचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक), हे सगळं हवं. एचएस कोडचे पहिले ६ अंक जगभर समान असतात; पुढचे अंक देशागणिक बदलतात, म्हणून ते आयात होणाऱ्या देशाचे घ्यावेत.

किंमत कमी दाखवायची युक्ती काही विक्रेते आपणहून सुचवतात. नको म्हणा. पकडलं गेलं तर दंड आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीवरच अडते.

फोन नंबर आणि ईमेल चालू असलेलाच द्या. पत्ता दुरुस्तीची, दुर्गम भागाची आणि लिथियम बॅटरीची वेगळी आकारणी असते, तीही आधी विचारून घ्या.

एकच ऑर्डर चार पार्सलांत

फी प्रत्येक पार्सलमागे लागते, त्यामुळे एकत्र मागवणं बहुधा स्वस्त. पण काही देशांत ठरावीक किमतीखालच्या मालाला ड्युटी माफ असते आणि एकत्र केल्यावर ती मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा हिशेब करूनच ठरवा. मुद्दाम तुकडे पाडले, तर कस्टम्स ते एकच समजू शकतं. घाई नसेल तर टपालाचा पर्याय बघाच: हाताळणी शुल्क अनेकदा कमी असतं, मात्र वेळ जास्त लागतो.

बिल आलंच तर

आधी रकमेची फोड मागा: ड्युटी किती, कर किती, कंपनीची फी किती. कस्टम्सला भरलेल्या अर्जाची प्रत घ्या आणि त्यातला एचएस कोड व किंमत तपासा. चूक सापडली तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण त्याला मुदत असते. काही ठिकाणी स्वतः किंवा आपल्या एजंटमार्फत क्लिअरन्स, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवण्याचं काम, करता येतो. मात्र हे पार्सल पोहोचायच्या आधी कुरिअरला कळवावं लागतं.

चिडून पार्सल नाकारू नका. परतीचं भाडं अनेकदा विक्रेता तुमच्या परताव्यातून कापतो. आणि ‘ड्युटी भरा’ असा मेसेज आला, तर त्यातल्या लिंकवर जाऊ नका. कुरिअरच्या मूळ साइटवर ट्रॅकिंग नंबर टाकून रक्कम तिथेच दिसते का, ते पाहून मगच पैसे भरा.