सीटीसी वीस टक्क्यांनी वाढली, पण हातात किती येणार?

नव्या ऑफरमधली हाइक पाहून राजीनामा टाकण्याआधी दोन्ही नोकऱ्यांचा हातात येणारा पगार एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला केवढ्याला पडता तो आकडा. त्यातला बराचसा भाग दरमहा खात्यात येतच नाही.

समजा, सध्याची सीटीसी 10 लाख आहे, व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला, नक्की नसलेला पगाराचा भाग) काही नाही आणि मूळ पगार 5 लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्क्यांनी 60,000 आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) 4.81 टक्क्यांनी 24,050 वजा केली की उरतात 9,15,950. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 60,000 आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर 2,500 जातो. महिन्याला साधारण 71,100 हातात येतात.

आता 12 लाखांची ऑफर बघा. मूळ पगार 6 लाख, व्हेरिएबल सीटीसीच्या 15 टक्के म्हणजे 1,80,000, कंपनीचा पीएफ 72,000, ग्रॅच्युइटी 28,860, आणि आरोग्य विम्याचा 15,000 हप्ताही सीटीसीतच धरलेला. उरले 9,04,140. तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर गेल्यावर महिन्याला येतात साधारण 69,100. हाइक वीस टक्के, आणि दरमहा हातात दोन हजार कमी! (प्राप्तिकर यात धरलेला नाही.)

याचा अर्थ ऑफर वाईटच आहे असं नाही. पीएफ तुमचाच पैसा आहे, फक्त आज हातात नाही. काही कंपन्या पीएफ महिना 15,000 पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 च कापतात; तिथे तेवढ्याच सीटीसीत हातात जास्त पडतं आणि साठतं कमी. ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं आहे. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं सलग काढल्यावरच मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने ती रक्कम हिशेबात धरूच नये. आणि सध्याच्या नोकरीत पाच वर्षं भरायला दोन-चार महिनेच उरले असतील, तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागणं केव्हाही फायद्याचं.

खरी मेख व्हेरिएबलमध्ये असते. एचआरला तीन गोष्टी सरळ विचारा: गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिलं, तिमाहीला देता की वर्षाला, आणि पैसे जमा होण्याच्या दिवशी कर्मचारी नोकरीवर असावाच लागतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर माझ्या मते व्हेरिएबल निम्मंच धरून हिशेब करावा. जॉइनिंग बोनस पगारवाढीत मोजू नका. तो एकदाच मिळतो, शिवाय वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याची अट बहुतेक ठिकाणी असते. परत करायची रक्कम कर कापण्याआधीची की नंतरची, तेही करारात पाहा.

म्हणून घासाघीस फिक्स्डवर, म्हणजे नक्की मिळणाऱ्या पगारावर करा. "सीटीसी वाढवा" म्हटलं की व्हेरिएबल फुगवून देणं सोपं जातं. त्याऐवजी "फिक्स्ड अमुक इतकं झालं तर लगेच होकार कळवतो" असं एकच स्पष्ट वाक्य ठेवा. फिक्स्ड, रुजू होण्याची तारीख, नोटीस बायआउट (नोटीस पिरियड पूर्ण न करता सुटण्यासाठी भरायचे पैसे) या सगळ्या मागण्या एकाच बैठकीत मांडा. होकार दिल्यावर पुन्हा आकडा उकरून काढला की समोरच्याचा विश्वास उडतो.

नोकरी न बदलता वाढ हवी असेल तर वेळ महत्त्वाची. एप्रिलमध्ये अप्रेझल असलेल्या कंपनीत मार्चमध्ये बोलून सहसा उपयोग नसतो, तोवर बजेट ठरलेलं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मॅनेजरकडे विषय काढा. त्यांना तुमची बाजू वरच्यांपुढे मांडायची असते, म्हणून त्यांच्या हाती एक पान द्या: वर्षभरातली तीन-चार कामं, प्रत्येकातून वाचलेला वेळ किंवा पैसा, आणि अपेक्षित आकडा. घराचे हप्ते, महागाई ही कारणं खरी असली तरी त्यांच्या जोरावर बजेट मंजूर होत नाही. दुसरीकडची ऑफर दाखवायची असेल तर जायची तयारी ठेवूनच दाखवा. थांबवण्यासाठी पगार वाढवून देत असतील तर नवा आकडा आणि लागू होण्याची तारीख लेखी घ्या.

ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. फोनवरच्या शब्दावर तर नाहीच. नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल तर बायआउट मूळ पगारावर मोजतात की पूर्ण पगारावर, हे आपल्या नेमणूकपत्रात वाचा. नवी कंपनी ते पैसे भरून देणार असेल, तर तसं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

रुजू झाल्यावर जुनाच यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) द्या आणि पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वळवा. एकूण सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पीएफ पोर्टलवर नोंदवली आहे ना, हेही तपासा. ती नसली की पैसे वळवण्याचं काम अडकतं. त्याच आर्थिक वर्षातल्या आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्हीकडे प्रमाणित वजावट (कर मोजताना पगारातून मिळणारी ठरावीक सूट) धरली जाते, कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना फरक व्याजासह भरावा लागू शकतो.