मंत्र्यांकडून आकड्यांसह उत्तर मिळेल असा प्रश्न कसा तयार करावा

विधिमंडळात मंत्र्यांना विचारलेल्या प्रश्नाचे भवितव्य बहुतेक वेळा प्रश्नाची सूचना लिहितानाच ठरून जाते. ती सूचना विधानमंडळ सचिवालयात तपासली जाते, तेथून मंत्रालयातील संबंधित विभागाकडे जाते, विभागातून जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेकडे माहितीसाठी पाठवली जाते आणि त्याच वाटेने परत येऊन मंत्र्यांच्या मान्यतेने उत्तर तयार होते. या प्रवासात प्रत्येक टेबलावरचा अधिकारी प्रश्नातील प्रत्येक शब्द बारकाईने वाचत असतो, आणि जो शब्द सैल असेल त्यातूनच उत्तर निसटते. प्रथमच निवडून आलेले आमदार, त्यांचे स्वीय सहायक आणि आपल्या भागातील प्रश्न आमदारांमार्फत सभागृहात नेऊ पाहणारे कार्यकर्ते या तिघांनाही उपयोगी पडेल अशा बेताने हे लिहिले आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक उदाहरणाने पाहू. एखाद्या तालुक्यात जलजीवन मिशनची, म्हणजे ग्रामीण घरांना नळाने पाणी देण्याच्या योजनेची, कामे रखडली आहेत आणि पूर्ण म्हणून दाखवलेल्या योजनांच्या नळांना पाणी नाही, अशी लोकांची तक्रार आहे असे समजा. आमदार प्रश्न टाकतात: ‘अमुक तालुक्यात जलजीवन मिशनच्या कामांत मोठ्या प्रमाणात गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावर येणारे उत्तरही तितकेच परिचयाचे असते: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ पहिल्या भागातील एका नकाराने पुढचे तीनही भाग कोसळले, कारण ते सर्व त्या एकाच आरोपावर उभे होते. गैरव्यवहार हा निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष नाकारणे शासनाला नेहमीच सोपे असते. म्हणून प्रश्नात निष्कर्ष मांडू नये. ज्या नोंदींवरून तो निघतो त्या नोंदी मागाव्यात. तोच प्रश्न असा लिहिता येईल:

माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय:
(१) अमुक तालुक्यात जलजीवन मिशनअंतर्गत कार्यारंभ आदेश दिलेल्या नळ पाणीपुरवठा योजनांपैकी करारातील मुदत संपूनही अपूर्ण असलेल्या योजना किती आहेत;
(२) अशा प्रत्येक योजनेची प्रशासकीय मान्यतेची रक्कम, ठेकेदारास आजवर अदा केलेली रक्कम व कामाची भौतिक प्रगती किती आहे;
(३) मुदतवाढ दिली असल्यास ती कोणत्या प्राधिकाऱ्याने व कोणत्या कारणास्तव दिली, तसेच विलंबाबद्दल दंड आकारला आहे काय;
(४) पूर्ण दाखवलेल्या योजनांतून दरडोई दररोज ५५ लिटर पाणी मिळते, याची पडताळणी कोणी व केव्हा केली;
(५) पडताळणी झाली नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?

येथे एकही भाग दुसऱ्याच्या होकारावर टांगलेला नाही, फक्त पाचवा चौथ्याला जोडून येतो आणि तो नकार मिळाला तरच कामाला येतो. दरडोई ५५ लिटर हा मापदंड २०१९ मध्ये सुरू झालेल्या या मिशनने स्वतःच ठरवलेला आहे, त्यामुळे तो अवास्तव आहे असे कोणी म्हणू शकत नाही. शासनाने स्वतः लिहून ठेवलेल्या मापानेच शासनाचे काम मोजावे, हा नियम कोणत्याही खात्याला लागू पडतो. त्यासाठी संबंधित शासन निर्णय आणि कार्यारंभ आदेशाची प्रत आधी हाताशी असली पाहिजे. शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतात. तालुक्यातील कागद ग्रामपंचायतीतून किंवा माहितीच्या अधिकारात मिळवावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो हे धरून तयारी अधिवेशनाच्या बरीच आधी सुरू करावी.

ही योजना केंद्र पुरस्कृत आहे आणि महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. अशा योजनांच्या बाबतीत खासदार आणि आमदार यांनी मिळून प्रश्न विचारणे फार उपयोगी ठरते, पण आपल्याकडे ते क्वचितच घडते. खासदाराने लोकसभेत विचारावे की अमुक आर्थिक वर्षात केंद्राने महाराष्ट्राला किती निधी मंजूर केला व त्यापैकी किती वितरित केला. आमदाराने विधानसभेत विचारावे की त्याच वर्षात केंद्राकडून किती निधी प्राप्त झाला, राज्य हिश्शाची रक्कम केव्हा वितरित केली आणि किती खर्च झाली. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की पैसा नेमका कोठे अडला ते दिसते, आणि ‘केंद्राकडून निधी आला नाही’ किंवा ‘राज्याने हिस्सा दिला नाही’ ही टोलवाटोलवी तेथेच थांबते.

प्रश्न स्वीकृत होण्यासाठीचे नियम सर्वत्र साधारण सारखे आहेत. त्यात युक्तिवाद, अनुमान किंवा बदनामीकारक मजकूर नसावा, काल्पनिक परिस्थितीवर मंत्र्याचे मत मागू नये, न्यायप्रविष्ट बाब नसावी आणि विषय त्या सरकारच्या जबाबदारीतला असावा. लोकसभेत प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. वर दिलेल्या पद्धतीने लिहिलेला प्रश्न या चाळणीतून सहसा सुटून जातो.

आता तो तारांकित करायचा की अतारांकित, हे ठरवायचे. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि उपप्रश्न विचारता येतात, म्हणून बहुतेकांचा ओढा तिकडे असतो. परंतु लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात आणि प्रश्नोत्तराच्या एका तासात त्यांतील थोड्यांचीच पाळी येते. बाकीच्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते, आणि असे प्रश्न दिवसाला २३० घेतले जातात. माझ्या मते आकड्यांचे तक्ते मागायचे असतील तर पहिल्या अधिवेशनात अतारांकित प्रश्न टाकावा आणि त्या लेखी उत्तरातील विसंगतीवर पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न बांधावा. घाई असेल, म्हणजे लोकांच्या जिवाशी संबंध असलेली ताजी घटना असेल, तर अल्पसूचना प्रश्न (नेहमीपेक्षा कमी मुदतीच्या सूचनेने विचारलेला) किंवा लक्षवेधी सूचना (मंत्र्याचे लक्ष तातडीच्या विषयाकडे वेधणारी) हा मार्ग आहे. मिळालेल्या उत्तरातील तपशील अधिक उलगडायचा असेल तर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. नव्या आमदारांनी या आयुधाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे विषय एकच असतो आणि मंत्र्याला त्यावर सविस्तर बोलावे लागते.

उपप्रश्नाची संधी मिळाली की अनेकांचा गोंधळ होतो तो तेथेच. लोकसभेत मूळ प्रश्नकर्त्याला सामान्यतः दोन उपप्रश्न मिळतात. ते दोन्ही आधी लिहून ठेवावेत आणि प्रत्येकात एकच गोष्ट विचारावी. भाषण करून शेवटी पाच प्रश्न एकत्र विचारले की मंत्री त्यांतील सर्वांत सोप्याचे उत्तर देऊन खाली बसतात, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येत नाही. पहिला उपप्रश्न छापील उत्तरातील विसंगतीवर असावा: परिच्छेद दोनमध्ये इतक्या योजना अपूर्ण म्हटल्या आहेत, तक्त्यात मात्र त्यांतील अमुक योजनेचे अंतिम देयक अदा झालेले दिसते, हे कसे? दुसरा उपप्रश्न तारखेवर असावा: पडताळणी कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण करणार? ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले असेल तर नेमका कोणता अंश खरा आहे, एवढेच विचारले तरी पुरते. ‘माहिती घेण्यात येत आहे’ असे उत्तर असेल तर प्रश्न राखून ठेवावा, अशी विनंती अध्यक्षांना शांतपणे करावी.

खर्चाविषयीचे प्रश्न विचारण्यासाठी अर्थसंकल्पाची पुस्तके वाचता आली पाहिजेत, आणि ती वाचण्याची सवय आमदारांच्या कार्यालयांतून कमी होत चालली आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रत्येक मागणीखाली, म्हणजे विभागाने खर्चासाठी मागितलेल्या अनुदानाखाली, लेखाशीर्षे (खर्चाचे क्रमांकित प्रकार) असतात. उदाहरणार्थ २२१० हे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचे महसुली लेखाशीर्ष आहे. त्यापुढे मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे स्तंभ असतात. सभागृहातील चर्चा बहुधा शेवटच्या स्तंभावर होते, पण खरी माहिती पहिल्या तीन स्तंभांमधील फरकात असते. ज्या योजनेचा सुधारित अंदाज मूळ अंदाजाच्या निम्म्यावर आला आहे आणि तरीही पुढील वर्षासाठी पुन्हा पहिल्याइतकीच रक्कम धरली आहे, तेथे हटकून प्रश्न विचारावा. किती निधी वितरित झाला, किती खर्च झाला, किती समर्पित (न वापरता परत) केला, किती पुनर्विनियोजनाने दुसऱ्या शीर्षाकडे वळवला आणि किती रक्कम बँकेत किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या पदनामे कोषागारात ठेवलेल्या खात्यात) पडून आहे, हे पाच आकडे वेगवेगळे मागावेत. नुसता ‘खर्च’ विचारला तर खात्यातून काढून ठेवलेली रक्कमही खर्चातच दाखवली जाऊ शकते. राज्याच्या अर्थसंकल्प वितरणाची ‘बीम्स’ ही संगणकीय प्रणाली त्यासाठी पाहता येते.

संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाच्या मागण्या विधानसभेपुढे मतदानासाठी येतात, आणि त्यांवर कपात सूचना देता येतात. लोकसभेच्या प्रथेप्रमाणे धोरणालाच विरोध असेल तर मागणी एक रुपयापर्यंत खाली आणण्याची, ठरावीक गाऱ्हाणे मांडायचे असेल तर शंभर रुपयांनी कमी करण्याची सूचना देतात. काटकसर सुचवायची असेल तर तेवढी रक्कम नमूद करतात. बहुमतातील सरकारपुढे कपात सूचना मंजूर होत नाही हे खरे, पण तिच्यामुळे विभागाला त्या विषयावर मंत्र्यासाठी टिपणी तयार करावी लागते आणि विषय कामकाजाच्या नोंदीत येतो. अनुच्छेद २०५ खालील पुरवणी मागण्यांकडे, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा रकमांकडे, तर अधिक काळजीने पाहावे, कारण त्यांवर चर्चेला वेळ थोडा असतो. ही रक्कम मूळ अर्थसंकल्पात का धरता आली नाही, एवढा एक प्रश्न प्रत्येक मोठ्या पुरवणी मागणीला विचारण्याजोगा आहे.

सरकारच्याच आकड्यांवरून सरकारला जाब विचारण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा सदस्यांना अर्थसंकल्पावर मतदानाचा अधिकार नव्हता आणि उपप्रश्न विचारण्याची मुभाही नव्हती. ती १९०९ च्या सुधारणांनी आली. अशा स्थितीत त्यांनी सरकार अभिमानाने दाखवत असलेली शिल्लकच हाती घेतली आणि दुष्काळाने गांजलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल केल्यामुळे ती उरली आहे, हे सरकारी ताळेबंदावरून मांडले. मिठावरील कर कमी करण्याची मागणी त्यांनी लावून धरली, आणि १९०३ मध्ये तो कर कमी झाला. या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या आकडेतज्ज्ञाचे कष्ट होते, ही गोष्ट आजच्या लोकप्रतिनिधींनी ध्यानात घ्यावी. अर्थसंकल्प वाचणारा एक माणूस कार्यालयात असणे ही चैन समजू नये.

प्रश्नाचा पाठपुरावा कोठवर जाऊ शकतो, हे मुंदडा प्रकरणात दिसले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग (शेअर) विकत घेतले, त्याविषयी १९५७ मध्ये लोकसभेत आधी प्रश्न विचारले गेले. उत्तरे समाधानकारक न वाटल्याने विषय सुटला नाही आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी सत्ताधारी पक्षाचेच खासदार फिरोज गांधी यांनी व्यवहाराचा तपशील सभागृहापुढे ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी मुंबईत जाहीर चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सत्ताधारी बाकांवरच्या आमदारांनीही हे उदाहरण वाचावे. आपल्या सरकारला प्रश्न विचारणे म्हणजे पक्षद्रोह नव्हे.

कार्यकर्त्यांनी आमदारांकडे जाताना तक्रारींचे गाठोडे न नेता एक पानाचे टिपण न्यावे. त्यात कामाचे नाव, गाव, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक, कार्यारंभ आदेशाचा दिनांक, रक्कम आणि आजची स्थिती एवढेच असावे, आणि प्रत्येक विधानामागचा कागद सोबत जोडावा. आमदारांनीही तो कागद स्वतः पाहिल्याशिवाय प्रश्नावर सही करू नये. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांचे सदस्यत्व गेले. प्रश्न कोणाच्या सोयीसाठी आपल्या हाती दिला जात आहे, याची शहानिशा करणे हा प्रश्नकर्त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार विधिमंडळापुढे येतात. आपल्याकडे ते अनेकदा अधिवेशनाच्या अखेरीस पटलावर ठेवले जातात, त्यामुळे त्यावर लगेच चर्चा होत नाही. म्हणून दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात ते वाचून आपल्या जिल्ह्याचा उल्लेख असलेले परिच्छेद वेगळे काढावेत. हे अहवाल तपासणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे विभागाच्या सचिवांची साक्ष होते, आणि समितीवरील सदस्याला तेथे सभागृहापेक्षा कितीतरी सविस्तर प्रश्न विचारता येतात. आपण समितीवर नसाल तर आपले टिपण समितीवरील सहकाऱ्याच्या हाती द्यावे.

उत्तर मिळाल्यानंतरचे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. मंत्र्यांनी ‘तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू’, ‘दोषींवर कारवाई करू’ असे सांगितले असेल तर त्याच दिवशी कामकाजाच्या अहवालातील ते वाक्य जसेच्या तसे उतरवून प्रश्न क्रमांक व दिनांकासह वहीत नोंदवावे आणि ते वाक्य सभागृहाच्या आश्वासन समितीच्या (मंत्र्यांच्या आश्वासनांची पूर्तता तपासणाऱ्या समितीच्या) यादीत आले आहे की नाही, हे सचिवालयाकडून पाहून घ्यावे. लोकसभेत आश्वासनाच्या पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत मानली जाते. मुदत उलटल्यावर पुढील अधिवेशनासाठी प्रश्नाची सूचना देताना पहिला भाग असा लिहावा: ‘दिनांक … रोजी तारांकित प्रश्न क्रमांक … ला उत्तर देताना … पर्यंत पडताळणी पूर्ण करण्याचे आश्वासन देण्यात आले होते, हे खरे आहे काय?’ याला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही, कारण त्याची नोंद सभागृहाच्याच दप्तरात असते, आणि पुढचे भाग मग त्या भक्कम होकारावर उभे करता येतात.