महापुरात शाळा बंद पडली तर: मुलांना आणि स्वतःला कसं सांभाळाल

कृष्णा-पंचगंगेच्या काठी पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर?" कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतात, सांगलीत आयर्विन पुलाचा. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही महापुरांत इथल्या शाळा बंद पडल्या. काही पाण्यात गेल्या, काहींच्या छावण्या झाल्या. 2021च्या जुलैत तर प्राथमिक शाळा कोरोनामुळे आधीच बंद होत्या आणि त्यावर पूर आला.

अशा वेळी आईबापांना पहिली चिंता पडते ती बुडालेल्या अभ्यासाची. मी शिक्षक आहे, तरी सांगतो, अभ्यास भरून निघतो. चौथीतला भागाकार दिवाळीनंतरही शिकवता येतो. शाळेबरोबर पोराचा दिवस हरवतो, म्हणजे उठायची वेळ, डबा, घंटा, मित्र. आधी हा दिवस परत उभा करायचा.

पाणी चढत असताना

राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. आयर्विन पुलाची अनुक्रमे 40 आणि 45. इशाऱ्याच्या आकड्यालाच कागद बांधा. आधार कार्ड, जन्मदाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, पासबुक हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये काढून एखाद्या लांबच्या पाहुण्यालाही पाठवून ठेवा.

मुलाचं दप्तर त्यालाच भरू द्या. दोन वह्या, पेन, एक जोड कपडे आणि त्याला हवी असलेली एक वस्तू. ती फुटकी गाडी असेल किंवा आज्जीची जुनी ओढणी असेल. "हे कशाला?" म्हणू नका. छावणीतल्या पहिल्या रात्री तीच उशाशी लागते.

लहान मुलाच्या खिशात आईवडिलांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. पहिलीच्या पुढच्यांकडून एक नंबर तोंडपाठ करून घ्या.

मग कुठे जायचं, कोण कोण जायचं, मागे कोण राहणार, ते सांगा. आपल्याकडे जनावरांपायी घरातला एक माणूस बऱ्याचदा मागे राहतो. पोरांना न सांगता निघालात तर "बाबा कुठायत?" हा प्रश्न रात्रभर चालतो. "बाबा म्हशींजवळ थांबलेत, वरच्या आळीला. संध्याकाळी फोन करणार आहेत," एवढं सांगितलं की पोर धरून राहतं. फोनची वेळ मात्र पाळा. रेंज नसेल तर तेही आधीच सांगा.

छावणीत किंवा पाहुण्यांकडे

दिवसाला चार खुंट्या ठोका: सकाळची आंघोळ किंवा निदान हातपाय-तोंड धुणं, दुपारच्या जेवणानंतर तासभर वही, संध्याकाळी खेळ, झोपताना गोष्ट. बाकी दिवस कसाही जाऊ द्या, पण या चार गोष्टी रोज त्याच क्रमाने व्हायला हव्यात. पाहुण्यांच्या घरी संकोच वाटतो, तरी हा क्रम सोडू नका.

छावणी दुसऱ्या कुणाच्या तरी शाळेत असते. वर्गात बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कालचा सुविचार तसाच. तिथला एक कोपरा मुलांसाठी मागून घ्या. सतरंजी, खडू, कागद एवढं पुरे. आठवी-नववीच्या मुलींना आणि मुलांना लहानांना शिकवायला बसवा. दिवसभर मोबाइल घेऊन भिंतीला टेकलेली ही पोरं हाती काम आलं की सावरतात. लहानांपेक्षा त्यांच्याकडे कमी लक्ष जातं म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

मुलं "पूर-पूर" खेळतील. बादलीत कागदाच्या होड्या बुडवतील, बाहुलीला छपरावर बसवतील. खेळू द्या, मनातली भीती ती अशीच बाहेर काढतात. चित्रात घर पाण्यात काढलं तर "चांगलं काहीतरी काढ" म्हणू नका, "इथे कोण उभं आहे?" एवढं विचारा. पण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे "सांग रे, पाणी कसं आलं ते" असं बोलायलाही लावू नका. ते आपणहून बोलेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका. व्हॉट्सॲपवर फिरणारे पुराचे व्हिडिओ त्याच्यासमोर लावू नका, त्यातले बरेच आपल्या गावचे नसतातही.

रात्री शौचालयाला जाताना मुलासोबत मोठं माणूस असावं. "चला, फिरवून आणतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर, मग तो मदत वाटायला आलेला का असेना, मूल पाठवू नका. मूल हरवलं, एकटं सापडलं किंवा कुणी त्रास देतंय असं दिसलं तर 1098वर फोन करा. हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्नांना काय उत्तर द्यायचं

"आपलं घर पडलं का?" याला "काही नाही झालं" हे उत्तर देऊ नका. पडलं असेल तर पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास बसणार नाही. असं सांगा: "मला अजून माहीत नाही. पाणी उतरलं की मी बघून येईन आणि जे असेल ते तुला सांगेन. तोवर आपण इथं एकत्र आहोत."

मोठं मूल अंथरूण ओलं करायला लागेल, आईचा पदर सोडणार नाही, उगाच भांडेल, पोट दुखतंय म्हणेल. घाबरलेल्या मुलाचं हे नेहमीचं वागणं आहे. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत निवळतं. चारचौघांत ओरडू नका, चादर गुपचूप बदला.

आईबापांनी स्वतःसाठी

घरातला गाळ, पंचनामा, रांगा, बुडालेला ऊस, कर्जाचा हप्ता हे सगळं डोक्यात असताना पोराला शांतपणे गोष्ट सांगा म्हणणं सोपं आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून वाटणी करा. एक जण पंचनाम्याला गेला तर दुसऱ्याने मुलांजवळ थांबायचं, दुसऱ्या दिवशी उलट. दोन-तीन कुटुंबांनी मिळून पोरं आळीपाळीने सांभाळली तर प्रत्येकाला दुपारी दोन तास पाठ टेकता येते. बायकांना ही दोन तासांची झोप कुणी आपणहून देत नाही. नवऱ्यांनी आणि सासवांनी ती द्यावी.

मुलासमोर रडू आलं तर येऊ द्या, पण कारण सांगा: "घराची आठवण आली म्हणून रडले, तुझ्यावर रागावले नाही." वैतागात हात उगारला गेला तर नंतर जवळ घेऊन "माझं चुकलं" म्हणा. मूल ते विसरत नाही, आणि त्याचं भलंच होतं.

झोप लागेनाशी झाली, दारू वाढली, जगण्यात राम वाटेना, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन करायला जमत नसेल तर गावच्या आशाताईंना सांगा.

पाणी उतरल्यावर

पहिल्या दिवशी लहान मुलांना घरी नेऊ नका. गाळात साप असतात, वायरी ओल्या असतात. पण सगळं धुऊनपुसून झाल्यावरच दाखवू, असंही करू नका. एकदा त्यांना घेऊन जा, काय गेलं ते बघू द्या आणि लहानसं काम द्या: भांडी मोजणं, वह्या उन्हात पसरणं. 2019ला आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं होतं, त्याच्या खुणा अजून लोक दाखवतात. मुलांना आपल्या भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेशी पेन्सिलीने तारीख लिहू द्या.

पुस्तकं गेली असतील तर शाळेला लगेच कळवा. तोवर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ मोफत उतरवता येते.

काही महिने दुसऱ्या गावी राहावं लागणार असेल तर मुलाला तिथल्या शाळेत घाला. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा सरकारी वा अनुदानित शाळेत जाताना आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कुणी अडवलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या.

शाळा उघडल्यावर

पहिल्या आठवड्यात घरी अभ्यासाचा तगादा नको. वर्गशिक्षकांना मात्र भेटून घरात काय झालंय ते सांगा, नाहीतर गणवेश नाही म्हणून पोराला उभं केलं जातं. दहावीच्या मुलांशी बसून कुठले धडे राहिलेत त्याची यादी करा. एकदा ती कागदावर आली की डोंगर वाटत नाही.

महिना उलटला तरी मूल झोपेत दचकत असेल, जेवत नसेल, शाळेला जायचं नावच काढत नसेल किंवा बोलणंच थांबलं असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवायला सांगा.

पुढच्या वर्षीचा पहिला जोराचा पाऊस जड जाईल, त्याची तयारी जूनमध्येच करा. वहीचं शेवटचं पान मुलाला द्या, रोज संध्याकाळी पाण्याचा आकडा त्याने स्वतः लिहायचा. शेजारी तुम्ही दोघांनी मिळून लिहून ठेवा, की किती फुटांना दप्तर भरायचं आणि कुणाकडे जायचं.