पानं उचलायच्या आधी चिप्स मोजा: छोट्या जोड्या आणि सूटेड कनेक्टरची तयारी

नो-लिमिट होल्डेमच्या (पोकरचा प्रकार, हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, बेट कितीही मोठी) टेबलावर बसायच्या आधी मी काय काय डोक्यात जुळवून ठेवतो ते एकदाचं लिहून टाकतोय, कारण कुणी ना कुणी विचारतंच की पंजीची जोडी आली, पुढून रेज (बेट वाढवणं) पडला, कॉल (तेवढेच घालून डावात राहणं) करायला हवा होता का, आणि मी विचारतो त्याच्याकडे चिप्स किती होत्या, तर उत्तर "अरे ते नाही पाहिलं". मग पाहिलं काय! छोट्या जोड्या, सत्ती-छक्की सूटेड (दोन्ही एकाच रंगाची, म्हणजे बदाम-बदाम वगैरे; अशी लागोपाठची पानं म्हणजे सूटेड कनेक्टर), एक्क्यासोबत एखादी सूटेड चव्वी, ही पानं स्वतःच्या जोरावर फारशी जिंकत नाहीत, आत्ता थोडे घालायचे आणि लागलं तर समोरच्याकडून भरपूर काढायचे असा त्यांचा हिशोब, आणि समोरच्याकडे द्यायलाच नसतील तर काढणार कुठून.

म्हणून पहिलं काम, डाव वाटला जातोय तोवर टेबलावरून एक नजर फिरवायची आणि प्रत्येकाचा स्टॅक (पुढ्यातल्या सगळ्या चिप्स) किती बिग ब्लाइंडचा (पानं बघायच्या आधी दोघांना सक्तीने घालावे लागतात ते ब्लाइंड, त्यातला मोठा) आहे ते बघून ठेवायचं, चिप न चिप नाही, अंदाजे, हा शंभरवाला, तो तीसवाला, कोपऱ्यातला दोनशेच्या वर. दोघांतला लहान स्टॅक तोच खरा धरायचा. तुमच्यापुढे २०० ब्लाइंडचा ढीग असू दे, समोरचा २५ वर बसलाय तर त्या डावापुरते तुम्हीही २५ वालेच. ऑनलाइन खेळत असाल तर स्टॅक ब्लाइंडमध्ये दाखवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, ती आधीच चालू करून ठेवा. समोरासमोर बसलात तर मोठ्या किमतीच्या चिप्स मागे ठेवून बसणारे भेटतात, सरळ विचारायचं किती आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग तीन-चार आकडे पाठ करून जायचे. हातात जोडी असेल तर फ्लॉपवर (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) सेट (जोडीचंच तिसरं पान) किंवा त्याहून चांगलं लागायची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळा खेळलात तर एकदा. दोन सूटेड पानं असतील तर फ्लॉपवरच फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) पूर्ण व्हायची शक्यता १ टक्क्याहूनही कमी, ०.८४, फ्लश ड्रॉ (चार जमली, एक बाकी) मात्र ११ टक्क्यांच्या आसपास लागतो. तो ड्रॉ टर्न (चौथं) आणि रिव्हर (पाचवं) दोन्ही पानं बघायला मिळाली तर ३५ टक्के वेळा पूर्ण होतो, पुढचं एकच पान धरलं तर १९ टक्के. लोक ३५ लक्षात ठेवतात आणि टर्नवर मोठी बेट आली की सोडून देतात, म्हणजे खेळले ते १९ वरच.

आता खरा हिशोब, हा एकदा कागदावर स्वतःच्या हाताने करून बघाच. ब्लाइंड ५०/१०० आहेत, सगळ्यांकडे १०,००० चिप्स, एकाने ३०० ला रेज केला, तुम्ही बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यांच्या शेवटी बोलायची जागा) पंजीची जोडी घेऊन कॉल केलात, दोन्ही ब्लाइंडनी पानं टाकली. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) झाला ७५०, त्यात तुमचे ३०० सोडून ४५०. सेट न लागण्याचा आणि लागण्याचा हिशोब साडेसातास एक, म्हणजे एका सेटमागे २,२५० चिप्स तुम्ही आधीच घालवून बसलाय. पॉटमधले ४५० वजा केले तर समोरच्याकडून आणखी १,८०० तरी निघायला हवेत, आणि तेही दर वेळी. दर वेळी निघत नाहीत ना! त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर तीनपैकी दोनदा फ्लॉपवर त्याची जोडीच लागत नाही आणि तो पहिल्या बेटला पानं फेकतो. शिवाय कधीतरी तुमचा सेट लागूनही हरतो. म्हणून जुनी खेळाडू मंडळी म्हणतात की कॉलच्या पंधरा ते वीस पट चिप्स लहान स्टॅकमध्ये असाव्यात, इथे ४,५०० ते ६,०००. दुसरा एक नियम असा सांगतात की कॉल स्टॅकच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर खुशाल करा, १० च्या वर गेला तर सोडा, मधल्या भागात आपली अक्कल लावा. मला पटींचा नियम जास्त आवडतो, टक्केवारीत बसलं की लोक निश्चिंत होतात.

हाच डाव ३,००० वाल्यासमोर बघा. ३०० टाकून त्याच्याकडे उरले २,७००. दर तीन सेटपैकी दोनदा त्याने सगळेच्या सगळे दिले तर तुम्ही कुठे जेमतेम बरोबरीत येता. कोण देतं इतकं? आणि परत १०,००० वाल्यांत तुम्ही ३०० ला रेज केलात, समोरच्याने १,००० केले, तर आणखी ७०० घालायचेत, त्याच्या पंधरा पट १०,५००, तुमच्याकडे उरलेत ९,७००, म्हणजे विषय तिथेच संपला, पंजीची जोडी दिसायला कितीही गोड असली तरी.

पण स्टॅक असणं वेगळं आणि तो पॉटमध्ये येणं वेगळं, इथे मी स्वतः कितीतरी चिप्स सोडल्यात. मघाच्याच ७५० च्या पॉटमध्ये समोरच्याकडे ९,७०० आहेत. प्रत्येक फेरीला पॉटच्या दोन तृतीयांश बेट मारली आणि त्याने कॉल केलं तर फ्लॉपवर ५००, टर्नवर १,१७० च्या आसपास, रिव्हरवर २,७३०, मिळून ४,४००. पूर्ण स्टॅक काढायचा तर तिन्ही वेळा पॉटएवढी बेट लागते, ७५०, २,२५०, मग उरलेले ६,७००, आणि ती तिन्ही वेळा कॉल होणं म्हणजे फारच झालं. बरं, मी काय करायचो, सेट लागला की भारी वाटून फ्लॉपवर चेक (बेट न मारता पुढे जाणं) करायचो, सापळा म्हणे. एक फेरी गेली की उरल्या दोन बेट, ५०० आणि १,१७०, एकूण १,६७०. वर म्हटलं तसे १,८०० लागतात! म्हणजे सेट लागून, जिंकून, चिप्स ओढून घेऊनही मी हळूहळू तोट्यात, आणि वर तोंडावर हसू. तेव्हा मोठी बेट शेवटची असते आणि तिला पोचायचं तर सुरुवात फ्लॉपपासूनच करावी लागते, हे आधी ठरवून बसा, सेट लागल्यावर हात थरथरत असताना ठरवू नका.

यानंतर समोरच्या माणसाकडे बघायचं. एक जोडी धरून शेवटपर्यंत न सोडणारा, एक्क्याच्या जोडीच्या प्रेमात पडलेला, त्याच्यासमोर छोटी जोडी सोन्याची. जो निम्मी पानं रेज करतो आणि पहिल्याच विरोधाला पळतो, त्याच्याकडे डोंगराएवढा स्टॅक असला तरी तो तुमच्या हाती लागत नाही. आणि तुमच्या मागे कोण बसलाय तेही बघा, उठसूट रिरेज करणारा कुणी मागे असेल तर तुम्ही ३०० घालणार, तो १,२०० करणार, आणि फ्लॉप न बघताच तुमचे ३०० गेले. बटणावर किंवा त्याच्या शेजारी असाल तर कॉल करायला हात सैल सोडा, सुरुवातीच्या जागेवर आखडता घ्या, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

सूटेड कनेक्टर मात्र जोडीसारखे समजू नका, ही चूक फार होते. सेट लागला की कळतं लागलाय. सत्ती-छक्कीला बहुतेक वेळा लागतो तो ड्रॉ, म्हणजे अजून पैसे घाला आणि वाट बघा, आणि लागलाच तर कधी छोटा फ्लश असतो ज्याच्या वर कुणाचा तरी मोठा बसलेला, जितका स्टॅक खोल तितकं ते महागात पडतं. चार-पाच जण डावात असले की भाव चांगला मिळतो पण मोठा फ्लश कुणाकडे असायची भीतीही तेवढीच वाढते. माझं मत विचाराल तर शंभर ब्लाइंडच्या खाली मी ही पानं कॉल करून जवळजवळ खेळत नाही, आपणच पहिला रेज करायचा असेल तर गोष्ट निराळी. लोक २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचा शेवटचा डाव सांगतात, क्रिस मनीमेकरने पंजी-चव्वी धरून सॅम फार्हाच्या गुलाम-दश्शीला हरवलं, फ्लॉप गुलाम-पंजी-चव्वी, रिव्हरला आणखी एक पंजी आणि फुल हाऊस (तीन एकसारखी आणि एक जोडी). बरोबर आहे, पण तिथे टेबलावर दोघंच उरले होते आणि ती पंजी-चव्वी सूटेडसुद्धा नव्हती, नऊ जणांच्या टेबलावर तिचं अनुकरण करून काय मिळणार.

टुर्नामेंट असेल तर ब्लाइंड कधी वाढतात ते घड्याळ बघून ठेवा, आत्ताचे ४० ब्लाइंड पुढे ब्लाइंड दुप्पट झाले की तेच २० होतात, आणि २० वर सत्ती-छक्कीपेक्षा एक्का-राणी बरी. कॅश गेममध्ये कुणी स्ट्रॅडल (पानं बघायच्या आधी स्वतःहून घातलेला दुप्पट ब्लाइंड) टाकला की स्टॅक ब्लाइंडच्या मानाने अर्ध्यावर आला असं धरायचं. कुणी हरून पुन्हा चिप्स घेतल्या की मोजणी परत पहिल्यापासून. आणि घेऊन बसलेले सगळे पैसे गेले तरी चालतील एवढेच आणा, हे सांगायला नको पण सांगतो.

राहिली एक तयारी, सोडलेल्या पंजीवर फ्लॉपला पंजी पडणार त्याची. साडेआठातून एकदा पडणारच. मागच्या खेपेला असंच, २,७०० उरलेल्यासमोर मी जोडी टाकली आणि फ्लॉप आला राणी, पंजी, दुर्री. शेजारच्याने विचारलं काय टाकलंस, मी म्हटलं राजा-तिर्री, आणि पुढची पानं उचलली.